थंडीतला मटार गोड आणि मे महिन्यातला मुळा तिखट का लागतो?

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या. एक, निफाडचा पारा घसरला. दुसरी, बाजार समितीत मेथी-कोथिंबिरीची आवक वाढली आणि जुडीचे भाव पडले. पहिली हवामानाच्या चौकटीत छापतात, दुसरी बाजारभावाच्या. खरं तर दुसरी बातमी पहिलीच्याच पोटातून निघालेली असते.

याच दिवसांत फोनवर सल्ल्यांचा पूर येतो. हंगामी खा, ऋतूनुसार खा, निसर्ग देईल ते खा. सल्ला वाईट नाही, पण सोबत कारण कोणी देत नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे मे महिन्यातही गाजरं आणि फ्लॉवर मांडलेला दिसत असेल, तर साध्या माणसाने हंगाम कशाला म्हणायचं? परसात, गच्चीत किंवा चार कुंड्यांत हिवाळ्याची भाजी लावून खाल्ली तर बाजारापेक्षा वेगळं काही पदरात पडतं, की ती नुसती हौस? हे समजून घ्यायचं तर आधी झाडाकडे बघावं लागतं. आपल्या पोटाचा विषय त्यानंतर.

## झाड कॅलेंडर वाचत नाही

हिवाळ्यात येणाऱ्या भाज्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिला थंडीवाल्यांचा: मटार, कोबी, फ्लॉवर, मुळा, गाजर, बीट, मेथी, कोथिंबीर, हरभरा. यांतल्या बहुतेकांचं माहेर भूमध्य समुद्राचा काठ आणि पश्चिम-मध्य आशिया. त्या काठावर उन्हाळा कोरडा, करपवणारा. हिवाळा मात्र सौम्य आणि ओलसर. त्यामुळे तिथली झाडं गारव्यात वाढायची आणि ऊन तापायच्या आत बी धरून मोकळी व्हायची. आपला रब्बीचा हंगाम त्यांना मानवला तो याच सवयीमुळे.

दुसरा गट रात्रवाल्यांचा: वाल, पावटा, तूर. यांना थंडीचं फारसं कौतुक नाही. त्यांना हवी असते लांब रात्र. कुंपणावर चढवलेला पावट्याचा गावरान वेल पावसाळाभर नुसता पसरत राहतो. पानंच पानं, फुलाचा पत्ता नाही. घरातलं कोणीतरी म्हणतं, खत जास्त झालं, उपटून टाका. उपटू नका. नवरात्र उलटून रात्री लांबायला लागल्या की तोच वेल जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जातो. तुरीचंही तेच. जुन्या उशिराच्या जाती जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैच्या अखेरीला, फुलायच्या त्या वेळेलाच फुलतात.

मुंबईच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांचा. सव्वादोन तासांचा हा फरक आपण घड्याळाशिवाय सांगू शकणार नाही. झाडाच्या पानांत मात्र प्रकाश ओळखणारं एक रंगद्रव्य असतं आणि ते हा हिशेब चोख ठेवतं. रात्र-दिवसाच्या लांबीवरून फुलोऱ्याची वेळ ठरवण्याच्या या गुणाला फोटोपिरियडिझम म्हणतात. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली तो तंबाखूच्या एका जातीवर दाखवून दिला. ती जात उन्हाळ्यात शेतात माणसापेक्षा उंच वाढायची पण फुलायची नाही, आणि हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुलायची. त्यांनी उन्हाळ्यातच काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवली, तर तीही फुलली. पुढे १९३८ साली आणखी एक बारकावा लक्षात आला: महत्त्व दिवस लहान असण्याला नसून रात्र सलग असण्याला आहे. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी अशा झाडाची मोजणी बिघडते.

म्हणून तुमच्या वालाच्या वेलावर सोसायटीचा दिवा रात्रभर पडत असेल आणि डिसेंबर निम्मा सरला तरी फूल दिसत नसेल, तर खतांच्या पुड्या आणण्याआधी त्या दिव्याकडे बघा. बियाण्याच्या पाकिटाकडेही बघा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का जय आणि अर्का विजय अशा बुटक्या जाती काढल्या आहेत, त्या दिवसमानाला जुमानत नाहीत. त्या लावल्या तर वालाच्या शेंगांचा हंगाम हा प्रकारच जवळजवळ उरत नाही.

## गोडवा येतो कुठून

आता थंडीवाल्यांकडे वळू. हिवाळ्यातला मटार गोड, गाजर गोड, कोबीसुद्धा कच्चा खावासा वाटतो. हे सगळं जिभेचे लाड नाहीत, त्यामागे रोखठोक हिशेब आहे.

झाडाचा संसार पगारदाराच्या घरासारखा चालतो. दिवसा पानं उन्हात साखर कमावतात. खर्च मात्र चोवीस तास चालू असतो, कारण झाडही श्वास घेतं आणि त्यात साखर जळते. हे श्वसन तापमानावर अवलंबून असतं. ढोबळमानाने दर दहा अंशांना त्याचा वेग दुप्पट होतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-३० अंश असतात, म्हणजे कमाई व्यवस्थित. रात्री पारा ११-१२ वर येतो, म्हणजे खर्च आखडलेला. शिल्लक पडलेली साखर गाजर मुळात साठवतं, मटार दाण्यात. मे महिन्यात रात्रीही पारा विशीच्या वरच रेंगाळतो. दिवसभराच्या कमाईतला बराच हिस्सा रात्रीच उडून जातो आणि भाजीच्या चवीला उरतं ते पाणी.

गोडव्याचं दुसरं कारणही सांगितलं जातं. पाणी गोठण्याच्या जवळ तापमान गेलं की काही वनस्पती साठवलेल्या पिष्टाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतात. साखर मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं, त्यामुळे पेशी वाचतात. युरोपात हिमाचा तडाखा बसलेली गाजरं म्हणून गोड लागतात. बटाटा फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिला की गोडसर लागतो आणि त्याचे काप तळताना पटकन काळपट होतात, तो प्रकारही याच जातीचा. पण महाराष्ट्रात निफाडच्या शिवारात किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात ते वर्षातल्या मोजक्या पहाटेच. बाकी राज्यात आपल्या भाजीचा गोडवा हा मुख्यतः गार रात्रींच्या काटकसरीचा. ‘दव पडलं की भाजी गोड होते’ असं जुनी माणसं म्हणतात, त्यात दव हे कारण नसून खूण आहे: आभाळ निरभ्र होतं, रात्र गार होती.

## मुळ्याची जाळी आणि झणका

मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी हे सगळे एकाच कुळातले. या कुळाची झाडं किडीपासून बचावासाठी गंधकयुक्त द्रव्यं बाळगतात. ती द्रव्यं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. दात लागला, किसणी चालली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. म्हणूनच किसलेल्या मुळ्याची कोशिंबीर डोळ्यांतून पाणी काढते आणि शिजवलेली मुळ्याची भाजी त्यामानाने गरीब असते. उष्णतेने ते विकर निकामी होतं.

ऊन वाढलं, पाण्याचा ताण पडला की मुळ्यात ही द्रव्यं वाढतात, साखर कमी पडते, आणि आत जाळी पडून तो भेंडाळतो. फेब्रुवारीच्या शेवटी वाफ्यात राहून गेलेला मुळा उपटून बघा. वरून पांढराशुभ्र, जाडजूड. मधोमध कापला तर आतला गर कोरडा, स्पंजासारखा, आणि चव अशी की दुसरा तुकडा तोंडात घालवत नाही. जात तीच, माती तीच, पाणी देणारा हातही तोच असतो. बदललेल्या असतात त्या रात्री.

## फ्लॉवरचं मात्र वेगळं आहे

घरच्या बागेत सर्वाधिक निराशा करणारी भाजी कोणती असं कोणी विचारलं तर मी बेलाशक फ्लॉवर म्हणेन. रोप जोमदार वाढतं, पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि मध्ये गड्डाच धरत नाही. किंवा धरतो तो बटणाएवढा. लोक मातीला दोष देतात. दोष बहुधा जातीच्या निवडीत असतो.

फ्लॉवर आपल्याकडे इंग्रजांनी आणला. १८२२ साली उत्तर भारतात सहारनपूरच्या कंपनी बागेत तो प्रथम लावला गेल्याची नोंद आहे. हे पक्कं थंडीचं झाड. तरीही उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उकाड्यात तग धरणाऱ्या रोपांचंच बी राखलं, आणि त्यातून उष्णता सोसणारा ‘भारतीय’ फ्लॉवर तयार झाला. त्यामुळे आज बाजारात लवकर येणाऱ्या, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या अशा वेगवेगळ्या गटांच्या जाती मिळतात आणि प्रत्येकीचं गड्डा धरण्याचं तापमान निराळं आहे. पुसा दीपालीसारखी लवकरची जात वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास गड्डा धरते. स्नोबॉल या उशिराच्या गटातल्या जातींना दहा ते सोळा अंशांचा गारवा लागतो. स्नोबॉलचं रोप ऑगस्टमध्ये लावलं तर ते पानांवरच अडकतं. उलट लवकरची जात कडाक्याच्या थंडीत लावली तर झाड पुरेसं वाढण्याआधीच इवलासा गड्डा धरून बसतं.

तेव्हा रोपवाटिकेत ‘चांगली जात द्या’ असं म्हणू नका. ‘या महिन्यात लावायची जात कोणती’ असं विचारा. आणि गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची दोन-तीन पानं त्यावर ओढून सुतळीने सैलसर बांधा. थेट ऊन लागलं की गड्डा पिवळट पडतो; पांढरेपणा हा सावलीचा परिणाम आहे. पिवळा पडला म्हणून खाण्याजोगा राहत नाही असं नाही, भाजीवाल्याला तो विकता येत नाही एवढंच.

## ‘पण बाजारात तर बारा महिने सगळं मिळतं’

मिळतं, आणि त्यातलं बरंचसं फसवणुकीचं नसतं. हंगाम म्हणजे तापमान, हे मान्य केलं तर तो उंचीनेही गाठता येतो. एक किलोमीटर वर गेलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. निलगिरीत उटीचा परिसर समुद्रसपाटीपासून दोन किलोमीटरांहून जास्त उंचावर आहे, त्यामुळे तिथे गाजर बाराही महिने येतं. हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत मटार ऐन उन्हाळ्यात तयार होतो, कारण तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा. आपल्या घरातलंच उदाहरण घ्यायचं तर पुरंदर तालुक्यातला मटार. तो पावसाळ्यात बाजारात येतो, कारण त्या पठारावर श्रावणातली हवा मटाराला पुरेशी गार असते. पुण्या-मुंबईत डिसेंबर-जानेवारीत ढिगांनी येणारा मटार बहुतांशी मध्य प्रदेशातून, जबलपूरकडून येतो.

म्हणजे मे महिन्यात दिसलेलं गाजर बेहंगामी असेलच असं नाही. त्याच्या गावी ते हंगामातच असतं. त्याची चव जाते ती पुढे, ट्रकमध्ये आणि गोदामात.

लाल गाजराची गोष्ट थोडी निराळी. हलव्याचं लांब लाल गाजर हे आशियाई प्रकारातलं, त्याचा रंग टोमॅटोच्या लाल रंगद्रव्याचा, म्हणजे लायकोपीनचा. नारिंगी आखूड गाजर युरोपीय प्रकारातलं, त्यात बीटा-कॅरोटीन. लाल गाजर खऱ्या अर्थाने हिवाळ्याचं राहिलं आहे. रंग भरायला १५ ते २० अंशांचा गारवा लागतो, आणि तो सरला की हलव्याचा हंगामही सरतो.

## तोडल्यापासून फोडणीपर्यंत

घरच्या बागेचा खरा फायदा इथे आहे, आणि माझ्या मते एवढा एकच फायदा पुरेसा आहे.

भाजी तोडली म्हणजे मेली असं होत नाही. ती श्वास घेतच राहते. कमाई बंद, खर्च चालू. मटाराच्या दाण्यात तर साखरेचं पिष्ट होण्याचं काम तोडल्यावरही थांबत नाही. सोलापूर-नगरकडे हुरड्याला बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ज्वारीचं कणीस दुधाळ दाण्यापलीकडे नुकतं गेलेलं असतं तेव्हाच हुरडा गोड. आगटीत भाजून तळहातावर चोळला की हिरवा, लुसलुशीत दाणा सुटतो. आठवडाभराने त्याच ताटाचं कणीस आणा, दाणा पिठूळ लागतो. मटारात हाच प्रवास वेलावर काही दिवसांत आणि तोडल्यावर, उकाडा असेल तर, काही तासांत होतो. वेलावरची शेंग तिथेच फोडून खाल्लेला दाणा आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून काढलेला दाणा, यांतला फरक लहान मूलही सांगेल.

जीवनसत्त्व क हेही असंच पळणारं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली घेतलेल्या आढाव्यानुसार, फ्रिजच्या तापमानाला सात दिवस ठेवल्यावर मटाराने सुमारे १५ टक्के क जीवनसत्त्व गमावलं, तर फरसबीने ७७ टक्के. शेंगेच्या कवचात दाणा सुरक्षित राहतो, हे त्यामागचं एक कारण. पालेभाज्या तर पृष्ठभाग मोठा आणि पान पातळ म्हणून आणखी लवकर उतरतात. सकाळी तोडलेली मेथी रात्री मंडईत, पहाटे किरकोळ विक्रेत्याकडे, दुपारी आपल्या फ्रिजमध्ये आणि ‘निवडायला वेळ नाही’ म्हणून दोन दिवसांनी कढईत. याउलट दारातली मेथी तोडून, धुऊन, फोडणीत पडेपर्यंत अर्धा तासही जात नाही.

मग तोडायची कधी, सकाळी की संध्याकाळी? शेतकरी पहाटे तोडतो कारण त्या वेळी पानं पाण्याने टंच असतात आणि वाहतुकीत तग धरतात. आपल्याला वाहतूक नाही. दिवसभराच्या उन्हानंतर पानांत साखर जास्त असते आणि नायट्रेट कमी, तेव्हा रात्रीच्या जेवणाची पालेभाजी संध्याकाळीच खुडावी. सॅलडचा कुरकुरीतपणा हवा असेल तर मात्र सकाळ बरी.

हेही सांगून टाकतो: गोठवलेला मटार वाईट नसतो. तो तोडल्यावर लवकर उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे साखर-पिष्टाचा खेळ तिथेच थांबतो. तीन दिवस हातगाडीवर पडलेल्या ‘ताज्या’ शेंगांपेक्षा तो कित्येकदा गोड निघतो. ताजं या शब्दावर भाळू नये, तोडल्याची वेळ विचारावी.

## हंगामी म्हणजे जास्त पौष्टिक?

थोडं हो, बरंचसं ‘अवलंबून आहे’. पूर्ण वाढून, योग्य गारव्यात, वेळेवर तोडलेल्या भाजीत जीवनसत्त्वं आणि चव दोन्ही बरी असतात. पण ‘निसर्ग त्या त्या ऋतूत आपल्या शरीराला लागेल तेच पिकवतो’ हे वाक्य मला पटत नाही. गाजर साखर साठवतं ते स्वतःला पुढच्या वर्षी फुलता यावं म्हणून, आपल्या डोळ्यांसाठी नाही. जुन्या ऋतुचर्येत हेमंतात भूक चांगली लागते, म्हणून पौष्टिक, स्निग्ध खावं असं सांगितलं आहे. तो सल्ला अनुभवाचा आहे आणि आजही चालतो, पण त्यावरून भाजीच्या हेतूंविषयी निष्कर्ष काढायला नकोत.

शिवाय भाजीतलं किती अंगी लागतं हे स्वयंपाकावरही ठरतं. गाजरातलं कॅरोटीन स्निग्धांशाशिवाय नीट शोषलं जात नाही. म्हणून तेलाची फोडणी दिलेली गाजराची कोशिंबीर नुसतं गाजर चावण्यापेक्षा कामाची. पालकातलं लोह ऑक्झॅलेटच्या संगतीत असल्याने आपल्याला कमीच मिळतं. वरून लिंबू पिळलं तर एकूण जेवणातल्या लोहाला थोडी मदत होते. (आणि जाता जाता: आपल्या बाजारातला देशी पालक आणि युरोपातला स्पिनॅच ही दोन वेगळी झाडं आहेत. आपला पालक बीटाचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीतला. म्हणून तो मुंबईच्या उकाड्यातही तग धरतो.)

## कुंडी, गच्ची आणि मुंबईची ‘थंडी’

‘आमच्याकडे ना परस, ना थंडी’ ही तक्रार रास्त आहे. मुंबईत जानेवारीतही रात्रीचा पारा सरासरी सतराच्या घरात असतो. तिथे स्नोबॉल फ्लॉवरच्या नादी लागू नये. पण मुळा, पालक, मेथी, वाल आणि टोमॅटो छान येतात. टोमॅटोला उकाड्याच्या रात्री फळ धरवत नाही आणि तीस अंशांपुढे त्याचा लाल रंगही नीट भरत नाही, त्यामुळे किनारपट्टीवर टोमॅटोचा खरा मोसम हिवाळाच. मुंबईच्या लोकांनी मेथीवर स्वतःचा तोडगा फार पूर्वीच काढला आहे: समुद्रकाठच्या वाळूत दाट पेरायची आणि बोटभर उंचीची असतानाच मुळासकट उपटायची. झाडाला उकाड्याचा त्रास जाणवायच्या आत ती जुडीत बांधलेली असते.

सूर्याचं गणितही हिवाळ्यात फ्लॅटवाल्यांच्या बाजूने असतं. डिसेंबरात भर दुपारी मुंबई-पुण्याला सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आत खोलवर येतं. मे-जूनमध्ये तो डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला सरकतो आणि तीच बाल्कनी सावलीत जाते. पालेभाज्यांना चार-पाच तासांचं ऊन पुरतं. शेंगा आणि फळं हवी असतील तर सहा तास तरी हवेत.

मेथी आणि कोथिंबिरीला वीतभर खोलीचा ट्रेही चालतो. धणे अख्खे पेरू नका, लाटण्याने हलके रगडा. एका धण्यात दोन बिया असतात आणि त्या सुट्या झाल्या की उगवण चांगली होते. मेथी २५ ते ३० दिवसांत खुडायला येते, मुळा ४०-४५ दिवसांत, गाजराला मात्र तीन महिने धीर धरावा लागतो. गाजराची माती हातभर खोल, चाळलेली, भुसभुशीत हवी. मध्ये खडा लागला किंवा कच्चं शेणखत पडलं की गाजराला फाटे फुटतात. लसणाचं तर काहीच अवघड नाही. कोंब आलेल्या पाकळ्या टोकं वर करून खोचा, पात पाहिजे तेव्हा कात्रीने कापा.

## घरची भाजी विषमुक्तच असते का?

आपोआप नाही. फवारणी तुमच्या हातात असते, ही मोठी जमेची बाजू. पण रस्त्याच्या कडेची धूळ, जुन्या रंगाचे पोपडे पडलेली भिंतीलगतची माती आणि गटाराचं पाणी घरच्या भाजीलाही सोडत नाही. अशी जागा असेल तर बाहेरून आणलेली स्वच्छ माती कुंडीत भरा आणि पालेभाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा.

हिवाळ्यातला ठरलेला पाहुणा म्हणजे मावा. दोन-चार दिवस ढगाळ हवा झाली की वालाच्या कोवळ्या शेंड्यावर काळपट किड्यांचा थर बसतो, हात लावला तर चिकट लागतो. सुरुवातीलाच शेंडा खुडून टाकला किंवा पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी बरंच निभावतं. तरीही हटला नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क, आणि तो संध्याकाळी. त्याच शेंड्यावर ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर काहीच फवारू नका. ते मावा खायलाच आलेले असतात. पाणी सकाळी घाला. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

## सगळं एकदमच येतं तेव्हा

घरच्या बागेची एक अडचण कोणी आधी सांगत नाही. दसऱ्याला उत्साहाने सगळं एकाच दिवशी पेरलं तर नोव्हेंबरात आठवडाभर रोज मेथी खावी लागते आणि मग डिसेंबरात काहीच नसतं. शेतकऱ्याचा भाव पडतो तोही याच कारणाने: सगळ्यांच्या शेतात एकाच वेळी पीक तयार. त्याच्या हातात फारसं काही नसतं, आपल्या असतं. पालेभाज्या दर दहा-बारा दिवसांनी थोड्या थोड्या पेराव्यात.

तरी जानेवारीत गर्दी होतेच, आणि तिची सोय आपल्या स्वयंपाकात आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी म्हणजे त्या आठवड्यात शिवारात जे जे उभं असतं त्याची मोजदाद: पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा, ओले शेंगदाणे, बोरं, वरून तिळाचा कूट. प्रत्येक गोष्ट मूठभर, म्हणून छोट्या बागेलाही परवडणारी.

रायगडात याच सुमारास पोपटी लागते. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर टाकलेला वाल तोवर शेंगांवर आलेला असतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या रानझुडपाचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या अख्ख्या शेंगा, कोणी त्यात अंडी किंवा कोंबडीही घालतं, वर पुन्हा पाला ठासून तोंड बंद, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. कोवळी, नुकती तोडलेली शेंग नसेल तर पोपटी कोरडी होते, म्हणून ती बाजाराच्या वालाची सहसा जमत नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास रात्री तापायला लागल्या की मेथी-कोथिंबीर फुलावर येते, पानं बारीक आणि कडवट होतात. तिला पाणी घालून वाचवायच्या फंदात पडू नका. उपटा आणि त्या जागी गवार, भेंडी, काकडी लावा. बी राखायचं असेल तर पावटा, वाल, मेथी आणि धण्याचं राखा, ते वाळवून डब्यात ठेवलं की पुढच्या वर्षी चालतं. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर राखलेल्या बियांतून तेच वाण येत नाही. नारिंगी गाजर, कोबी आणि स्नोबॉल फ्लॉवरचं बी आपल्या मैदानी भागात धरतच नाही. त्यांना फुलायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणून त्यांचं बी कुलू खोऱ्यातल्या कटराईनसारख्या डोंगराळ ठिकाणी तयार करतात. ते दरवर्षी विकतच आणावं लागतं.